कावीळ, पाच विषाणू आणि एक ‘निगेटिव्ह’ रिपोर्ट

कावीळ ओळखायला आपल्याकडे डॉक्टर लागत नाही. डोळे पिवळे, लघवी गडद, अन्नावरची वासना उडालेली, फोडणीच्या वासानेही मळमळ. एवढ्या खुणांवर घरातले कुणीही वडीलधारे माणूस निदान करून मोकळे होते. मग तेल-तूप बंद, उसाचा रस सुरू, आणि पंचक्रोशीत ज्याचे नाव असते अशा काविळीच्या जाणकाराकडे एक फेरी. तो चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावतो आणि पाणी पिवळे होते. किंवा वनस्पतीच्या काड्यांची माळ डोक्यावर ठेवतो आणि ती दिवसागणिक लांबत खाली उतरते. पाणी पिवळे होते ते हाताला आधी चोळलेल्या आंब्याच्या सालीच्या रसामुळे. माळ लांबते ती काड्या वाळून गाठी सैल झाल्यामुळे. पण रोगी बहुधा खरोखरच बरा होतो, आणि त्या जाणकाराची कीर्ती त्यावरच टिकून असते. कारण आपल्याकडे दूषित पाण्यातून येणारी कावीळ बहुतेक वेळा ए किंवा ई या विषाणूंची असते, आणि धडधाकट माणसाच्या शरीरातून हे विषाणू काही आठवड्यांत आपोआप निघून जातात.

त्याच जाणकाराकडे बी विषाणूचा रोगी गेला, तरी त्याचीही कावीळ बहुधा उतरेल. काहींच्या बाबतीत विषाणू मात्र यकृतात मुक्काम ठोकून राहील आणि वीस-तीस वर्षांनी पोटात पाणी घेऊन किंवा यकृताच्या कर्करोगाच्या रूपाने उगवेल. सी विषाणूच्या रोग्याला तर बहुधा कावीळ झालेलीच नसते. म्हणजे जी खूण पाहून आपण रोग ओळखतो, ती कधी उशिरा येते, कधी येतच नाही, आणि गेली तरी रोग गेल्याची खात्री देत नाही. विषाणूजन्य यकृतदाहाचा (हिपॅटायटिसचा) अभ्यास करू पाहणाऱ्याने पहिल्याच दिवशी हे मनात पक्के करावे.

या विषयाची पुस्तके सहसा पाच विषाणूंच्या पाच प्रकरणांत विभागलेली असतात. शिकवायला ते सोयीचे पडते. मला मात्र नव्या वाचकाला दुसऱ्या दाराने आत न्यायचे आहे. हे शास्त्र घडले ते ‘नाही’ या उत्तरातून. नमुना तपासला, अपेक्षित गोष्ट सापडली नाही, आणि त्या न सापडण्याकडे कुणीतरी नीट लक्ष दिले, असे इथे पुनःपुन्हा झाले आहे. आजही प्रयोगशाळेतून येणाऱ्या ‘निगेटिव्ह’ शब्दाचा अर्थ लावता येणे हे या क्षेत्रातले सर्वांत अवघड कौशल्य आहे. पॉझिटिव्ह रिपोर्ट वाचता सगळ्यांनाच येतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच देशातले आहे. १९५५च्या पावसाळ्यात यमुनेला मोठा पूर आला. पूर ओसरताना नदीने पात्र बदलले, आणि नोव्हेंबरात वजिराबाद इथल्या पाणी उपशाच्या जागी नजफगड नाल्याचे मैलापाणी उलटे येऊन पोहोचले. जलशुद्धीकरण केंद्रातल्या अभियंत्यांच्या हे लक्षात आले. त्यांनी तुरटी आणि क्लोरिनची मात्रा वाढवली. शहरात टायफॉइड वाढला नाही, हगवणही वाढली नाही, म्हणून धोका टळला असे वाटले. साधारण महिन्याभराने, डिसेंबर आणि जानेवारीत, दिल्लीत काविळीचा लोंढा आला. डॉ. आर. विश्वनाथन यांच्या पाहणीनुसार सुमारे २९ हजार लोकांना उघड कावीळ झाली. जिवाणूंना पुरून उरलेले क्लोरिन या विषाणूला पुरले नव्हते. साथरोगशास्त्राच्या वर्गात हे उदाहरण अजून सांगितले जाते, कारण दूषित पाणी कोणत्या आठवड्यात प्यायले गेले हे इथे नेमके ठाऊक होते. विषाणूचा शरीरातला गुप्त काळ त्यावरून काढता आला.

तेव्हा सगळ्यांनी हा ए प्रकारचा, म्हणजे पाण्यातून पसरणारा यकृतदाह मानला. दुसरा पर्यायच माहीत नव्हता. ए आणि बी ही नावे ब्रिटिश वैद्य मॅक्कलम यांनी १९४७ साली सुचवली होती. एक अन्नपाण्याचा, दुसरा रक्ताचा. पण दिल्लीच्या साथीत काही गोष्टी बसत नव्हत्या. ए विषाणूची गाठ आपल्याकडे लहानपणीच पडते, आणि एकदा पडली की संरक्षण जन्मभराचे. मग दिल्लीत आजारी पडलेले बहुतेक लोक तरुण आणि प्रौढ कसे? आणि गरोदर बायकांमध्येच मृत्यू इतके जास्त का?

उत्तराला पाव शतक लागले. ए विषाणू १९७३ साली अमेरिकेत फाइनस्टोन, कपिकियन आणि पर्सेल यांनी रोग्यांच्या विष्ठेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. त्यानंतर त्याच्या प्रतिपिंडांच्या चाचण्या आल्या. मग दिल्लीच्या साथीतले जपून ठेवलेले रक्तजल (सीरम) त्या चाचण्यांना लावले गेले. वाँग, पर्सेल आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतले श्रीनिवासन, खोर्शेद पावरी आदींचा यावरचा लेख १९८० साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्याचा सारांश एका शब्दात सांगता येतो. नाही. दिल्लीची साथ ए विषाणूची नव्हती, बीचीही नव्हती. त्याच वर्षी डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनी काश्मीर खोऱ्यातल्या १९७८च्या साथीबद्दल स्वतंत्रपणे हेच लिहिले, आणि गर्भवतींवरचा तिचा घाला ठळकपणे नोंदवला. १९८३ मध्ये मॉस्कोच्या मिखाईल बालायन यांनी असे काही केले की आजची कोणतीही नीतिसमिती त्याला परवानगी देणार नाही. अफगाणिस्तानातल्या सोव्हिएत सैनिकांच्या विष्ठेचा अर्क त्यांनी स्वतः प्यायला. त्यांच्या रक्तात ए विषाणूचे प्रतिपिंड आधीपासून होते, म्हणजे तो आजार त्यांना पुन्हा होणार नव्हता. छत्तिसाव्या दिवशी त्यांना कावीळ झाली आणि त्यांच्या विष्ठेत नवे कण दिसले. हाच पुढे ई विषाणू ठरला. १९९० मध्ये त्याच्या जनुकीय साखळीचा तुकडा हाती आला.

पुण्याचा या कथेतला वाटा महाराष्ट्रातल्या वाचकाला फारसा सांगितला जात नाही. १९५२ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने सुरू झालेले विषाणू संशोधन केंद्र डासांतून पसरणाऱ्या रोगांसाठी होते. १९७८ मध्ये ते राष्ट्रीय विषाणू संस्था झाले, आणि डॉ. विद्या अरणकल्ले यांच्यासारख्या संशोधकांनी तिथे ई विषाणूवर अनेक वर्षे काम केले. यात मला सर्वांत मोलाचे वाटते ते शीतपेटीतले रक्तजल. ज्यांनी १९५६ साली ते नमुने काढून, चिठ्ठ्या लावून, गोठवून ठेवले, त्यांना त्यातून काय निघणार हे कळण्याचा काही मार्ग नव्हता. या क्षेत्रात येणाऱ्या विद्यार्थ्याला नमुन्यावरची तारीख आणि रोग्याची माहिती नीट लिहिण्याची शिस्त कंटाळवाणी वाटते. ती वाटली तरी चालेल, मोडली तर चालणार नाही.

बी विषाणूची गोष्ट जास्त प्रसिद्ध आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. बारूक ब्लुमबर्ग यकृताच्या मागे नव्हतेच. वेगवेगळ्या मानववंशांच्या रक्तातल्या प्रथिनांत आनुवंशिक फरक किती, हे ते पाहत होते. त्या काळची पद्धत साधी होती. अगारच्या जेलीत दोन खळगे करायचे, एकात ज्याला अनेकदा रक्त चढवले आहे अशा रोग्याचे रक्तजल, दुसऱ्यात तपासायचे रक्तजल, आणि मधे पांढरी रेषा उमटते का ते पाहायचे. १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हिमोफिलियाच्या रोग्याचे रक्तजल ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासीच्या रक्तजलाशी जुळले. त्या प्रथिनाला नाव पडले ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’, आणि आपल्याकडे अजूनही कितीतरी दवाखान्यांत ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन करून आणा’ असेच सांगतात. ब्लुमबर्ग यांना तो आनुवंशिक गुणधर्म वाटला होता. डाउन सिंड्रोम असलेला एक रुग्ण आधी निगेटिव्ह होता. काही काळाने तो पॉझिटिव्ह झाला, आणि त्या दरम्यान त्याला यकृतदाह झाल्याचे आढळले. आनुवंशिक गुणधर्म असा अध्येमध्ये उगवत नाही. पुढे १९६७ मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या बार्बरा वर्नर यांना बरे वाटेना. त्यांनी स्वतःचे रक्त तपासले आणि जेलीत रेषा उमटली. ब्लुमबर्ग यांना १९७६ मध्ये नोबेल मिळाले. त्यांचा जन्मदिवस, २८ जुलै, आज जागतिक हिपॅटायटिस दिन आहे.

इतक्या ओबडधोबड चाचणीत हा विषाणू सापडला, याचे कारण त्याच्या स्वभावात आहे. बी विषाणू आपल्या आवरणाचे प्रथिन गरजेपेक्षा कितीतरी पटींनी जास्त तयार करतो. रक्तात एका खऱ्या विषाणूमागे हजारो पोकळ कण फिरत असतात. आज स्वस्तातल्या कार्डावर पंधरावीस मिनिटांत जी रेषा येते, ती याच पोकळ कणांची. पहिली लसही रोग्यांच्या रक्तातले हेच कण गाळून, शुद्ध करून बनवलेली होती. यीस्टमध्ये बनवलेली लस १९८६ मध्ये आली. भारतात हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये स्वतःची लस बाजारात आणली, तेव्हा तिची किंमत सामान्यांच्या आवाक्यात आली.

ऑस्ट्रेलिया अँटिजेनची चाचणी आल्यावर रक्तपेढ्यांनी ते सापडलेले रक्त बाजूला काढायला सुरुवात केली. रक्त चढवल्यावर होणारा यकृतदाह कमी झाला, पण संपला नाही. वॉशिंग्टनजवळच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत हार्वे ऑल्टर यांनी उरलेल्या रोग्यांचे नमुने जपले होते. ए विषाणूची चाचणी हाती येताच ते तपासले. एकातही ए नव्हता. १९७५ मध्ये त्यांनी या आजाराला ‘नॉन-ए, नॉन-बी’ म्हटले आणि विषाणू दिसल्याशिवाय पुढचे अक्षर वापरण्याचे टाळले. हे नाव चौदा वर्षे टिकले. एखाद्या रोगाला तो काय नाही एवढ्यावरून नाव देणे अपमानास्पद वाटू शकते. मला ते वैद्यकातले सर्वांत प्रामाणिक नाव वाटते. १९८९ मध्ये मायकेल हॉटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विषाणू न पाहताच त्याचा जनुकीय तुकडा पकडला. बाधित चिंपांझीच्या रक्तातल्या जनुकांपासून जिवाणूंत लाखो वेगवेगळी प्रथिने तयार करायची आणि त्यांतले कोणते रोग्याच्या प्रतिपिंडांना चिकटते ते शोधायचे, अशी ती वाट होती. एक चिकटले. सी विषाणूला अक्षर मिळाले, चाचणी मिळाली, आणि २०२०चे नोबेल ऑल्टर, हॉटन व चार्ल्स राइस यांना मिळाले.

राहिला डी. १९७७ मध्ये मारिओ रिझेटो यांनी इटलीत शोधलेला हा अर्धवट विषाणू बी विषाणूचे आवरण उसने घेतल्याखेरीज पसरूच शकत नाही. ज्याला बी नाही त्याला डी होत नाही. ज्याला दोन्ही आहेत त्याचे यकृत लवकर खराब होते. आपल्याकडे त्याची चाचणी फार कमी वेळा मागितली जाते, आणि जे मागितलेच नाही ते सापडण्याचा प्रश्न येत नाही.

हे पाच विषाणू एकमेकांचे नातेवाईक नाहीत, हे इथे नमूद करायला हवे. ए पोलिओच्या कुळातला, सी डेंग्यूच्या कुळाजवळचा, बी तर डीएनए विषाणू असूनही एचआयव्हीसारखी उलट नक्कल करणारा. त्यांना एकत्र आणले ते फक्त यकृताने. म्हणून ‘हिपॅटायटिसची टेस्ट’ अशी एक टेस्ट असूच शकत नाही. तरीही चिठ्ठीवर तसेच लिहिलेले असते.

आता निदानाकडे वळू. प्रयोगशाळा रक्तात तीनच गोष्टी शोधू शकते. विषाणूचा एखादा भाग, म्हणजे प्रतिजन. विषाणूचे जनुक, म्हणजे डीएनए किंवा आरएनए. आणि शरीराने त्याविरुद्ध बनवलेले प्रतिपिंड. पहिल्या दोन गोष्टी सांगतात की विषाणू आज इथे आहे. तिसरी सांगते की तो कधीतरी इथे येऊन गेला. प्रतिपिंड आयजीएम प्रकारचे असतील तर भेट अलीकडची, म्हणून ए आणि ईच्या निदानात आयजीएमवरच सारी मदार असते. निदानातले बहुतेक घोटाळे या तीन उत्तरांची अदलाबदल केल्याने होतात.

सीचे प्रतिपिंड सापडले की घरात रडारड सुरू होते. पण ते प्रतिपिंड औषधाने बरा झालेल्या, किंवा आपणहून बरा झालेल्या माणसाच्या रक्तातही वर्षानुवर्षे राहतात. म्हणून पुढची पायरी आरएनएची. तो नसेल तर आज आजार नाही, उपचारही नाहीत. उलट बाजूनेही फसगत होते. संसर्गानंतर प्रतिपिंड तयार व्हायला साधारण आठ ते अकरा आठवडे जातात, आरएनए मात्र पहिल्या दोन आठवड्यांतच दिसू लागतो. डायलिसिसवरच्या रोग्याच्या शरीरात पुरेसे प्रतिपिंड कधीकधी बनतच नाहीत. अशा रोग्याचा निगेटिव्ह रिपोर्ट डॉक्टरने आनंदाने फाइलला लावू नये. सीचे निदान आता तातडीचे झाले आहे, कारण गोळ्यांच्या बारा आठवड्यांच्या उपचाराने शंभरातले पंच्याण्णव बरे होतात. कर्करोगाकडे नेणारा दुसरा कोणताही जुनाट विषाणू आज असा पूर्ण काढून टाकता येत नाही.

बीचा रिपोर्ट वाचणे हा खरा अभ्यासाचा भाग आहे. पृष्ठभागावरचा प्रतिजन, म्हणजे एचबीएसएजी, सापडला तर विषाणू आहे. सहा महिन्यांनीही सापडला तर तो मुक्कामाला आला आहे. प्रौढाला झालेला संसर्ग शंभरात पाचांहून कमी जणांत जुनाट होतो. जन्मवेळी आईकडून आलेला नव्वदांच्या आसपास बाळांत. यातच गरोदरपणातल्या तपासणीचे आणि जन्मानंतर चोवीस तासांच्या आत द्यायच्या लसीचे सगळे गणित आले. आता ‘नाही’कडे येऊ. तीव्र आजारातून बरा होणाऱ्या माणसात असे काही आठवडे येतात, की एचबीएसएजी संपलेला असतो आणि त्याविरुद्धचे संरक्षक प्रतिपिंड अजून दिसू लागलेले नसतात. दोन्ही चाचण्या नाही म्हणतात. त्या खिडकीत फक्त विषाणूच्या गाभ्याविरुद्धचे आयजीएम साक्ष देते. ते मागितलेच नाही, तर नुकताच बी होऊन गेलेला रोगी ‘कारण अज्ञात’ म्हणून घरी जातो. ई-प्रतिजनाचेही असेच. विषाणू जोरात वाढतो आहे याची ती खूण मानतात, पण आपल्याकडे सापडणाऱ्या काही उत्परिवर्तित विषाणूंना हा प्रतिजन बनवताच येत नाही. तिथे ई-प्रतिजन निगेटिव्ह आणि डीएनए लाखांच्या घरात, अशी जोडी दिसते. (ई-प्रतिजनाचा ई विषाणूशी काही संबंध नाही. ज्यांनी ही नावे ठेवली त्यांनी पुढच्या पिढ्यांच्या विद्यार्थ्यांचा विचार केला नाही.)

एक उलटे उदाहरण लसीकरण मोहिमांच्या काळात हमखास समोर येते. बीची लस म्हणजे तोच पृष्ठभागाचा प्रतिजन. लस घेतल्यावर पहिल्या दोनेक आठवड्यांत रक्त तपासले, तर एचबीएसएजी पॉझिटिव्ह येऊ शकतो. रोग्याला ‘लस कधी घेतली?’ एवढे विचारले तर पुढचा मनस्ताप वाचतो.

यकृताच्या नेहमीच्या चाचण्या, म्हणजे बिलिरुबिन, एसजीपीटी हे एन्झाइम वगैरे, विषाणूचे नाव सांगत नाहीत. फक्त नुकसान दाखवतात. त्यातही एक सापळा आहे. हजारांत गेलेले एसजीपीटी झपाट्याने खाली येऊ लागले की नातेवाईक सुस्कारा सोडतात. त्याच वेळी रक्त गोठायला लागणारा वेळ, म्हणजे प्रोथ्रोम्बिन टाइम (पीटी), वाढत असेल आणि रोगी गुंगीत बोलत असेल, तर एन्झाइम खाली येत आहेत ते सोडायला पेशीच उरल्या नाहीत म्हणून. तीव्र काविळीच्या रोग्याच्या गंभीरपणाचा अंदाज बिलिरुबिनवरून बांधू नये, पीटी-आयएनआर पाहावा.

आकडे सांगायचे तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४च्या अहवालानुसार भारतात बीचा जुनाट संसर्ग सुमारे २.९८ कोटी आणि सीचा सुमारे ५५ लाख लोकांना आहे. त्यातल्या बहुतेकांना ते ठाऊक नाही. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषधे मोफत आहेत. अडते ते तपासणीला जाण्याच्या भीतीपाशी. नोकरीपूर्व तपासणीत एचबीएसएजी पॉझिटिव्ह आला म्हणून ‘अनफिट’ ठरवणाऱ्यांनी या भीतीला हातभार लावला आहे. ताटवाटी वेगळी केल्याने बी थांबत नाही, कारण तो जेवणातून पसरतच नाही. तो सुईतून पसरतो. २००९ मध्ये गुजरातच्या साबरकांठा जिल्ह्यात मोडासा इथे, पुन्हा वापरलेल्या सुया आणि सिरिंजांतून त्याची साथ आली आणि कित्येकांचे जीव गेले. तपासणाऱ्यांना तिथे विषाणूइतकाच दवाखान्यांतल्या कचऱ्याचा माग काढावा लागला होता.

पाच अक्षरांवर ही वर्णमाला संपली का, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. १९९०च्या दशकात जी अक्षर मिळालेला एक विषाणू आणि जपानमधल्या एका रोग्याच्या आद्याक्षरांवरून टीटी नाव पडलेला दुसरा, असे दोन उमेदवार पुढे आले. दोन्ही कितीतरी निरोगी माणसांच्या रक्तात सापडले आणि यकृताला काही करत नाहीत असे दिसले. रक्तात विषाणू सापडणे आणि त्याने आजार होणे यांत अंतर आहे, एवढे शिकवून ते मागे पडले. मग २०२२च्या वसंतात स्कॉटलंडमधल्या डॉक्टरांनी लहान मुलांमधल्या गंभीर यकृतदाहाची नोंद केली. एरवी धडधाकट असलेली मुले, काहींना यकृत प्रत्यारोपण करावे लागले, आणि ए ते ई सगळ्या चाचण्या निगेटिव्ह. आधी संशय अ‍ॅडिनोव्हायरसवर गेला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत बहुतेक मुलांच्या नमुन्यांत एएव्ही-२ हा विषाणू सापडला. तो एकटा वाढू शकत नाही, त्याला मदतीला अ‍ॅडिनोव्हायरस किंवा एखादा हर्पिस विषाणू लागतो, आणि तोवर तो निरुपद्रवीच समजला जात होता. आजारी पडलेल्या स्कॉटिश मुलांपैकी फार मोठ्या वाट्याकडे पेशीओळखीचे एक विशिष्ट जनुक होते. एएव्ही-२ने यकृत खराब केले की खराब होणाऱ्या यकृतात तो फक्त उमटून दिसला, हा वाद अजून सुरू आहे.